थंडीने निवडलेले बी

आपण गुरांसाठी लसूणघास लावतो. बर्फाच्या मुलुखात मात्र तो टिकत नसे. १८५७ साली वेंडेलिन ग्रिम हा शेतकरी जर्मनीहून अमेरिकेत मिनेसोटाला गेला, तो या घासाचे थोडे बी बरोबर घेऊनच. हिवाळ्यात पुष्कळ रोपे गारठून मरत. जी वाचत, त्यांचेच बी तो धरी आणि पुन्हा पेरी. वर्षानुवर्षांनी थंडीला दाद न देणारी ‘ग्रिम’ जात हाती आली.

पुढे जिवाणूंमुळे होणाऱ्या मर रोगाने तिलाही गाठले. तेव्हा संशोधकांनी मध्य आशियातले, आपल्या लडाखकडचे वाण जमवले, रोगातून तगलेली झाडे निवडली आणि १९४२ साली ‘रेंजर’ जात दिली. ती थंडी आणि रोग, दोन्ही सोसणारी होती.

कणखर झाडाचेच बी धरावे, हे शहाणपण शेतकऱ्याचे. शास्त्राने त्याला शिस्त लावली.