रमाबाई आणि परिचारिकेचा पेशा

नांदेड-लातूरकडील मुली आज परिचारिकेचे शिक्षण निःसंकोच घेतात. त्या निःसंकोचामागे पुण्याचा एक जुना इतिहास आहे. १९०९ साली तेथे सेवासदन निघाले, तेव्हा पांढरपेशा घरच्या विधवेने परक्या रोग्याच्या अंगास हात लावावा, ही कल्पनाच लोकांस असह्य होती. रमाबाई रानडे स्वतः १९०१ पासून विधवा. न्यायमूर्तींच्या घराण्याचा लौकिक त्यांनी जणू तारण ठेवला, संस्थेत राहण्याची सोय केली, आणि शिकावयास बायका ससून रुग्णालयात धाडल्या. पुढारीपण म्हणजे व्याख्यानांचा झंझावात, असे ज्यांस वाटते त्यांस हे काम फिके वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. घरच्यांनी लेकीसुना पाठविल्या त्या रमाबाईंच्या भरवशावर, आणि रोगीही कडू औषध घेतो ते पुष्कळदा देणारीच्या भरवशावरच.