विलंबाचा इतिहास : बालकांचा नेत्रार्बुद आणि आपला ग्रामीण प्रदेश

प्रवरेच्या काठी नेवासा येथे १९५४ ते १९५६ व पुन्हा १९५९ ते १९६१ या काळात डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकळिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगीन थरांत, घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले मातीचे कुंभ मिळाले व त्यांत लहान मुलांच्या अस्थी आढळल्या. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वसाहतीत बालमृत्यू किती नित्याचा होता, हे या कुंभांवरून कळते. ती मुले कशाने गेली, हे सहसा कळत नाही. डोळ्याचा अर्बुद हा तर मऊ ऊतींचा रोग. हाडांवर त्याची खूण क्वचितच उरते. म्हणून या रोगाचा इतिहास लेखी नोंदींतच शोधावा लागतो. आणि जेथे निदान होते तेथेच नोंद होते.

रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा अर्बुद बहुधा वयाच्या पहिल्या पाच वर्षांत उद्भवतो. साधारणतः सोळा ते अठरा हजार जन्मांमागे एका बालकास तो होतो. आरंभी बाहुलीत पांढरी झाक दिसते किंवा डोळा तिरळा होतो. पुढे डोळा बाहेर येतो, आणि अर्बुद दृक्‌चेतातंतूच्या वाटेने मेंदूकडे पसरतो. तो डोळ्यापुरता मर्यादित असताना उपचार झाल्यास बहुतेक मुले वाचतात. बाहेर पसरल्यावर ही आशा झपाट्याने मावळते.

विलंबाने निदान हा विकसनशील देशांचाच दोष होय, असे मानण्याचा प्रघात आहे. इतिहास त्यास पुष्टी देत नाही. लायडनचे शरीरशास्त्रज्ञ पीटर पाव यांनी १५९७ मध्ये वर्णिलेला बालकाचा डोळा प्रचंड अर्बुदाने बाहेर आलेला होता. जेम्स वॉर्ड्रप यांनी १८०९ मध्ये या रोगाचे विवेचन करून डोळा लवकर काढण्याचा सल्ला दिला. परंतु त्या वेळी भूलही नव्हती आणि डोळ्याच्या आत पाहण्याचे साधनही नव्हते. क्लोरोफॉर्मचा वापर १८४७ मध्ये सुरू झाला, हेल्महोल्ट्झ यांचे नेत्रदर्शक यंत्र १८५१ मध्ये आले. या दोहोंनंतरच लवकर निदान व लवकर शस्त्रक्रिया या गोष्टी शक्य कोटीत आल्या. तोवर युरोपातील रोगीही उशिराच येत असत. देशादेशांतील आजचे अंतर निसर्गाने नव्हे, गेल्या पावणेदोनशे वर्षांतील साधनांच्या विषम वाटणीने निर्माण केले आहे.

महाराष्ट्रात ही साधने प्रथम शहरांत स्थिरावली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मधील, टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मधील. कर्करोगाची लोकसंख्याधिष्ठित नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली. ग्रामीण भागातील पहिली नोंदणी बार्शी येथे उभी राहण्यास १९८७ साल उजाडले. अंधत्वनियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला, पण त्याचा मुख्य भर मोतीबिंदूवर, म्हणजे प्रायः वार्धक्यातील विकारावर राहिला. खेड्यातील बालकाचा डोळा असा दोन योजनांच्या मधल्या फटीत पडला. घरी ती पांढरी झाक फूल किंवा मोतीबिंदू समजली जाण्याचा संभव असतो. आणि या दोहोंची घाई कोणास वाटत नाही. त्यातच, प्राण वाचविण्यासाठी डोळा काढावा लागेल हे ऐकून परत जाणारे पालकही भारतातील वैद्यकांच्या अनुभवाचे आहेत.

या विलंबाचे माप २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने दिले. त्यात १५३ देशांतील ४,३५१ रुग्णांचा विचार होता. निदानसमयीचे मध्यक वय संपन्न देशांत १४.१ महिने, तर अत्यल्प उत्पन्नाच्या देशांत ३०.५ महिने आढळले. नंतरच्या गटातील जवळजवळ निम्म्या मुलांत रोग डोळ्याबाहेर गेलेला होता. भारताची गणना या दोन टोकांच्या मध्ये होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्याकडे बालकास नवव्या महिन्यात आणि पुढे सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवराची लस देतात. म्हणजे तीस महिन्यांचे होण्यापूर्वी ते आरोग्यसेविकेसमोर अनेकदा येऊन गेलेले असते. उणीव भेटीची नाही, भेटीत डोळ्याकडे पाहण्याची आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ तीस विकारांच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू व दृष्टिदोष यांचा निर्देश आहे, या अर्बुदाचा स्वतंत्र निर्देश नाही.

ही उणीव भरून निघणारी आहे, असे मानण्यास आधार बार्शीनेच दिला आहे. नोंदणीसाठी कार्यकर्ते गावोगावी फिरले, लोकांशी बोलले. परिणामी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान पूर्वीपेक्षा आधीच्या अवस्थेत होऊ लागल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. मोजण्यासाठी केलेली पायपीट निदानाचेही साधन ठरली. बाहुलीतील झाक तर उजेडात नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकते, आणि ती बहुधा प्रथम आईलाच दिसते. तिचे म्हणणे किरकोळ न मानता त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञापर्यंत पोहोचविणे, एवढेच पहिले काम आहे. नेवाशाच्या कुंभांतील मुलांच्या मृत्यूचे कारण आपण आता शोधू शकत नाही. आज त्याच तालुक्यात जन्मणाऱ्या बालकाबाबत ही सबब उरलेली नाही.