उठावाची अक्षरं

संक्रांतीची भेटकार्डं मी घरी करते, म्हणून लोक मला हौशी म्हणतात. म्हणोत बापडे. पण कार्डांसाठी लागणाऱ्या शिक्के मारणं आणि उठाव आणणं या दोन्ही गोष्टी आमच्या खामगावात हौसेआधी बाजाराच्या कामाच्या होत्या.

मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली. फाटा जेमतेम १३ किलोमीटरचा, पण वऱ्हाडचा कापूस त्यावरून थेट मुंबईच्या वाटेला लागला. माल लांब जाऊ लागला की भेसळीचा संशयही त्याच्यासोबत जातो. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणं सक्तीचं केलं. गाठ कुठेही फोडा, ती कुणी दाबली ते कळलं पाहिजे.

कागदोपत्री हेच काम रबरी शिक्क्याने केलं. आधी छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचे, त्यांवर प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, साच्यावर कच्च्या रबराची पट्टी ठेवून स्क्रूच्या दाबाखाली तापवायची. खिळा उलटा, साचा सुलटा, रबर पुन्हा उलटं, आणि कागदावर अक्षर सुलटं! गंधक आणि उष्णता मिळाली की रबर टिकाऊ होतं, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये उमगलं. त्या शोधाच्या जिवावर आमच्याकडचे अडत्ये, सोसायट्या आणि शाळा शिक्के मारत राहिल्या.

उठाव खामगावच्या चांदीकामातही आहेच. ठशावर पत्रा ठेवून ठोकला की नक्षी वर येते. कागदाचंही तसंच. पुठ्ठ्यात पानाचा आकार कापायचा, त्यावर कागद ठेवायचा आणि पाठीमागून चमच्याच्या दांड्याने हलकेच घासायचं.

अक्षरं मात्र लग्नपत्रिकांनी फुगवली. पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवर छापलेल्या ओल्या मजकुरावर कापसाच्या बोळ्याने सोनेरी भुकटी फिरवायची, किंवा बारीक चाळलेली राळ भुरभुरवायची. जास्तीची राळ झटकून कागद आचेवर धरायचा. आधी काहीच होत नाही. मग कण वितळून एकमेकांना धरतात, अक्षर चमकतं आणि बोटाला लागेल इतकं वर येतं. क्षणभर जास्त धरलं तर कागद पिवळा. मला हे शिकवणारे छापखान्यातले काका म्हणायचे, "राळीले घाई चालत नाई, बाई."

आमच्या उन्हाळ्यात आणखी एक पंचाईत. लग्नसराई ऐन वैशाखात, आणि तेव्हा भुकटी टाकेपर्यंत शाई वाळून जाते. म्हणून शिक्क्याच्या शाईत थोडं ग्लिसरीन घालायचं, ती ओली राहते. पावसाळ्यात उलट. कागद सर्दावतो आणि राळ नको तिथे चिकटते. संक्रांतीची हवा कोरडी आणि थंड, त्यामुळे कार्डांना तो हंगाम मानवतो. पाकिटात तिळगुळाची छोटी पुडी घालून ती परगावी धाडायची पद्धत अजून काही घरांनी टिकवली आहे.

ऑफसेट आलं, ट्रेडल भंगारात गेली, शिक्केही संगणकावर होऊ लागले. घरच्या कार्डाला त्याने फरक पडत नाही, कारण त्याला हजार प्रती काढायच्या नसतात. मी एक नियम तेवढा पाळते. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर माझं नाव, खामगाव आणि अनुक्रमांक असा शिक्का मारते. ज्याने दाबलं, त्याची खूण मालावर हवीच.