परळचे उंदीर आणि पेशींचा निरोप

परळ आणि लालबाग ही नावे रत्नागिरी जिल्ह्यात घरोघर परिचयाची आहेत. मुंबईच्या कापडगिरण्यांना जे कामगार लागले त्यांतील मोठा हिस्सा आमच्या जिल्ह्याने पुरविला. बोटीने मुंबईस उतरावे आणि गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकावी, असा कित्येक पिढ्यांचा शिरस्ता होता. त्याच परळात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले, आणि कोकणातल्या माणसाला परळची वाट आणखी एका कारणासाठी ठाऊक झाली. ते कारण चारचौघांत मोठ्याने सांगण्याची रीत नव्हती.

या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाती होती. तंबाखूची गोळी गालात धरण्याची सवय, कमरेला घट्ट आवळलेले धोतर, अशा नित्याच्या गोष्टींशी कर्करोगाचा संबंध कसा पोहोचतो हे त्यांनी दाखविले. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पुण्याच्या समर्थांची कन्या कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी काचपात्रात वाढविण्याची विद्या शिकून त्या परत आल्या आणि परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी त्या विद्येची प्रयोगशाळा उभारली. त्यांचा मुख्य विषय स्तनांचा कर्करोग, आणि त्यासाठी पाळलेले उंदीर. त्या केंद्राच्या नावाने ओळखला जाणारा उंदरांचा एक वाणही पुढे विज्ञानात रूढ झाला. त्याच्या माद्यांत ही गाठ फार आढळे.

उंदरांवर इतके श्रम का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर दुधात होते. काही वाणांच्या पिल्लांना हा रोग आईच्या दुधातून मिळतो, हे जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये अमेरिकेत दाखविले होते. दुधातील तो घटक म्हणजे एक विषाणू, हे पुढे ठरले. परंतु चमत्कार असा, की या विषाणूपाशी कर्करोग करणारे स्वतःचे असे जनुक नसते. मग तो करतो काय?

येथे दुसरा एक धागा घ्यावा लागतो. मेंदूच्या अर्काने तंतुपेशी, म्हणजे फायब्रोब्लास्ट, झपाट्याने वाढतात, हे १९३९-४० च्या सुमारास दिसून आले होते. १९७४ मध्ये डेनिस गोस्पोदारोविच यांनी बैलाच्या पियुषिका ग्रंथीतून असा वाढीस चालना देणारा घटक वेगळा काढला. त्याचे नाव फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर पडले. आज या कुळात बावीस घटक मोजतात. नाव मात्र फसवे आहे, कारण त्यांचे काम तंतुपेशींपुरते मुळीच नाही. गर्भात हातपाय फुटण्यापासून जखम भरून येण्यापर्यंत त्यांचा निरोप लागतो.

निरोप पोहोचण्याची रीत अशी. पेशीच्या आवरणात ग्राही रेणू आडवे रोवलेले असतात. बाहेरून घटक येऊन चिकटला की दोन ग्राही जोडीने एकत्र येतात, त्यांची आतली टोके एकमेकांना फॉस्फेट चढवितात, आणि सांगावा हातोहात केंद्रकापर्यंत जाऊन पेशी दुभंगू लागते. काम झाले की सारे शांत व्हावे, हा नियम.

१९८३ मध्ये लंडनच्या क्लाइव्ह डिक्सन व गॉर्डन पीटर्स यांच्या मंडळीला आढळले, की उंदरांच्या गाठींत तो दुधातला विषाणू वारंवार एकाच जनुकाच्या शेजारी जाऊन बसतो आणि निजलेल्या जनुकास जागे करतो. १९८७ मध्ये उलगडले, की ते जनुक याच वाढघटकांच्या कुळातले आहे. परळच्या पिंजऱ्यांतले कोडे आणि गोस्पोदारोविच यांचा अर्क यांची अशी गाठ पडली. हा शोध परळचा नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तथापि ज्या प्रश्नावर तो उभा आहे तो प्रश्न रणदिवेबाईंनी आयुष्यभर जपला, एवढे श्रेय त्यांना देण्यात आम्हांस अतिशयोक्ती वाटत नाही.

माणसात हा विषाणू कर्करोगाचे कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. माणसात दोष बहुधा ग्राहीचाच असतो. दाराशी कोणी नसता कडी वाजत राहावी, तसा बिघडलेला ग्राही निरोपावाचूनच पेशीला वाढण्याचा हुकूम देत राहतो. त्याची कडी धरून ठेवणारे एर्डाफिटिनिब नावाचे औषध अमेरिकेत एप्रिल २०१९ मध्ये, मूत्राशयाच्या ठराविक रुग्णांसाठी, मान्य झाले. पित्तनलिकेच्या कर्करोगासाठी पेमिगॅटिनिब पुढल्या वर्षी आले. याच कुळातील एक घटक मूत्रपिंडांना फॉस्फेट बाहेर टाकावयास सांगतो. म्हणून औषधाने रक्तातील फॉस्फेट चढते, आणि वैद्य त्या चढण्यावरून औषध लागू पडल्याचे ताडतात. नखे व डोळे यांसही त्रास होतो. काही महिन्यांनी गाठ नवी वाट काढते, हे दुःख निराळेच.

टाटा स्मारकाचीच शाखा असलेल्या खारघरच्या संशोधन केंद्रातून २०१७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या ३६३ भारतीय रुग्णांपैकी २० जणांत या कुळाच्या तिसऱ्या ग्राहीत बदल सापडले, आणि तरुण रुग्णांत त्यांचे प्रमाण अधिक दिसले. शेकड्यास साडेपाच हा आकडा लहान वाटेल. परंतु आपल्या मनुष्याच्या गाठीत तो दोष आहे की नाही, हे जनुके वाचल्यावाचून कळत नाही.

टाटा स्मारकाची माणसे या शतकाच्या आरंभापासून आमच्या जिल्ह्यातील खेड्यांत तपासणीस येत आली आहेत. तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे मुख यांची ती तपासणी डोळ्यांनी व हातांनी होते, आणि तिचे मोल मोठे आहे. जनुके वाचावयाची असतील तर मात्र गाठीच्या तुकड्याला बहुधा घाट उतरून किंवा चढून मोठ्या शहरास जावे लागते.