आहार आणि झोप

आहार आणि झोप : काय, किती आणि केव्हा खाल्ले यांचा झोप लागण्यास लागणारा वेळ, झोपेची गाढता आणि सलगता यांवर होणारा परिणाम. चरकसंहितेत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत.

शरीरक्रिया : दूध, डाळी, शेंगदाणे, अंडी यांत ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल असते. त्यापासून सेरोटोनिन आणि पुढे रात्रीच्या अंधारात पीनियल ग्रंथीत झोपेची वेळ सुचवणारे मेलाटोनिन तयार होते. मेंदूत शिरताना ट्रिप्टोफॅनला इतर अमिनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते. पिष्टमय पदार्थ खाल्ल्यावर स्रवणारे इन्शुलिन या स्पर्धकांना स्नायूंकडे वळवते व ट्रिप्टोफॅनची वाट मोकळी होते. पेलाभर दुधात मात्र ट्रिप्टोफॅन थोडेच असते. त्यामुळे कोमट दुधाने झोप येण्यात सवयीचाही वाटा असावा.

जेवणाची वेळ : जेवून लगेच आडवे झाल्यास जठरातील आम्ल अन्ननलिकेत चढते. छातीत जळजळ, आंबट ढेकर यांमुळे झोप वारंवार मोडते. तेलकट, तिखट व जड जेवणानंतर हा त्रास वाढतो, म्हणून जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तासांचे अंतर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. डाव्या कुशीवर निजल्यास अन्ननलिकेचे तोंड जठरातील आम्लाच्या वर राहते व ते वर चढणे कमी होते. जेवणानंतरच्या ‘वामकुक्षी’चा शब्दार्थही डावी कूस असाच आहे. दुपारची पेंग केवळ जेवणामुळे येत नाही. शरीराच्या दैनिक घड्याळात त्या सुमारास एक उतार असतोच, भरपेट जेवणाने तो अधिक जाणवतो.

उत्तेजक पेये व मद्य : जागेपणी मेंदूत साठत जाणारे अॅडिनोसीन झोपेची ओढ निर्माण करते. चहा-कॉफीतील कॅफीन त्याचे ग्राही अडवून धरते. रक्तातील कॅफीन निम्मे होण्यास सरासरी पाच तास लागतात; गरोदरपणी हा काळ बराच लांबतो, तर धूम्रपान करणाऱ्यांत तो कमी असतो. 2013 मधील एका अमेरिकी प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या 400 मिग्रॅ. कॅफीनमुळेही झोप तासाभराहून अधिक घटली. मद्याने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या पूर्वार्धातील स्वप्नावस्था आखडते आणि उत्तरार्धात जाग येत राहते.

आहाराचा दर्जा : न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील 2016 च्या अभ्यासात कमी तंतू आणि जास्त संपृक्त मेद व साखर असलेल्या आहाराचा संबंध उथळ, तुटक झोपेशी आढळला. लोहाच्या कमतरतेमुळे रात्री पायांत अस्वस्थ शिवशिव होऊन झोप बिघडू शकते. जायफळ झोप आणते असा घरोघरी समज आहे. मात्र जास्त मात्रेत ते विषारी ठरते.

उलट परिणाम : अपुरी झोपही आहार बिघडवते. शिकागो विद्यापीठातील 2004 च्या प्रयोगात 12 तरुणांना दोन रात्री प्रत्येकी चारच तास निजू दिले, तेव्हा तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन 18 टक्के घटले, भूक चेतवणारे घ्रेलिन 28 टक्के वाढले आणि गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची इच्छा बळावली. अशा खाण्याने पुढची रात्रही बिघडू शकते. म्हणून निद्रानाशावरील उपचारांत जेवण, चहा व झोप यांच्या वेळांची एकत्र विचारपूस केली जाते.