यंत्रांत यंत्र

यवतमाळ जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं, २००८ सालच्या उन्हाळ्यांत, प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशीं घडलेली एक गोष्ट प्रथम सांगतों. तेथील संगणक-दालनांत सारीं यंत्रें विंडोजवर चालणारीं, आणि परीक्षा मात्र लिनक्सवर व्हावयाची होती. म्हणून प्रत्येक संगणकाच्या पोटांत एक आभासी संगणक उभा करून त्यांत लिनक्स घातलें होतें. बाहेरचा तो यजमान, आंतला तो पाहुणा. दुपारीं वीज गेली. त्या वर्षांत विदर्भाला भारनियमनाचें नवल राहिलें नव्हतें. दोन तासांनीं वीज आली, यजमान एकामागून एक उठले; पाहुण्यांपैकीं कित्येक मात्र अर्ध्या वाटेवरच थबकले. काळ्या पडद्यावर एकच तक्रार, कीं मूळ फाइल-व्यवस्था जोडतां येत नाहीं. मुलांचें वर्षाचें काम त्या पाहुण्यांच्या पोटांत अडकून पडलें.

हा यजमान-पाहुण्यांचा संसार आपल्याकडे नवा वाटला तरी मुळांत जुना आहे. अमेरिकेंतील केंब्रिज येथें आय.बी.एम. कंपनीच्या शास्त्रीय केंद्रांत रॉबर्ट क्रीसी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६४ च्या अखेरीस 'सीपी-४०' नांवाच्या व्यवस्थेचें काम हातीं घेतलें. १९६७ च्या जानेवारींत ती चालू झाली. एका यंत्रावर १४ पर्यंत आभासी यंत्रें नांदत, आणि प्रत्येकास वाटे कीं सारें घर आपलेंच. एक कोसळलें तरी शेजाऱ्याची झोंप मोडत नसे. नवी कार्यप्रणाली रचणाऱ्यास तर हें मोठेंच सुख होतें: ती पाडावी, पडलेली तपासावी, पुन्हां उभी करावी.

पण पाहुण्याचें कोसळणें निराळें आणि यजमानाचें निराळें. पुढच्या 'सीपी-६७' या व्यवस्थेची एक हकीकत टॉम व्हॅन व्लेक यांनीं सांगितली आहे. एका उपकरणाच्या सोयीसाठीं ओळीची कमाल लांबी वाढविण्यांत आली. परंतु त्या लांबीचा हिशेब आंत कोठें तरी एकाच बाइटांत, म्हणजे २५५ पर्यंतच, होत होता. परिणामीं खुद्द यजमान एका दिवसांत २७ वेळां कोसळला आणि दर वेळीं सारे पाहुणे त्याच्याबरोबर गेले. मला या गोष्टींत कौतुक वाटतें तें दुसऱ्याच बाबीचें. २७ वेळां पडावयाचें तर तितक्याच वेळां उठावेंहि लागतें. ती व्यवस्था चार-पांच मिनिटांत उठत असे!

१९९९ सालीं व्हीएमवेअरनें हा संसार टेबलावरच्या साध्या संगणकांत आणला, आणि तेथून तो आमच्या दालनांत आला.

त्या दुपारीं कोणी विषाणूस दोष दिला, कोणी म्हणाले सारें पुसून नव्यानें घाला. मीं विचारलें, पाहुणा कोणत्या पायरीवर थांबला? तो मुळींच हालला नसता, तर प्रोसेसरची आभासीकरणाची कळ बंद आहे काय, हें पाहावें लागतें. तबकडीचा नियंत्रक बदलला असता, तर विंडोज एक्सपीसारखा पाहुणा निळा पडदा दाखवून बसतो. येथें कर्नल उठत होता. तेव्हां खालच्या पायऱ्या शाबूत होत्या आणि दुखणें तबकडींतच होतें.

त्याचें कारण पुस्तिकेंत सांपडलें. पाहुण्यास आपण पाहुणे आहों हें ठाऊक नसतें. "हें आतांच तबकडीवर लिही," असें तो बजावतो आणि निर्धास्त होतो. पण आमच्या मांडणींत, वेग साधावा म्हणून, ती आज्ञा सोडून देण्याचीच मूळची योजना होती. जें लिहिलें गेलें असें पाहुण्यास वाटलें, तें यजमानाच्या स्मृतींतच होतें, आणि विजेबरोबर गेलें.

प्रथम प्रत्येक आभासी तबकडीची नक्कल काढली. मूळ तबकडीस हात लावला नाहीं. मग बचावाच्या सीडीवरून पाहुण्यास उठवून नकलेची दुरुस्ती केली. रात्रीं दहापर्यंत बहुतेक उठले. ती योजनाहि बदलली. यंत्रें किंचित् मंद झालीं. दोन पाहुणे मात्र उठलेच नाहींत. त्यांतील एक जिचा, त्या मुलीनें आपला सारा प्रोग्रॅम वहींत पेन्सिलीनें उतरून ठेवला होता. तो तिनें सकाळीं सातला येऊन पुन्हां टंकित केला.