तीन वेळा लिहिलेली सकाळ

२६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरचे दोन भाग झाले आणि कुरखेडा नव्या गडचिरोली जिल्ह्यात आलं. पुढे शाळा वाढल्या, डी.एड. करणारी पोरंपोरीही वाढली. त्यांना मी मराठी शिकवायचो.

एकदा म्हटलं, "घरातली एक सकाळ लिहून आणा." एका पोरीनं मायसोबत मोहफुलं वेचायला गेल्याचं लिहिलं. त्यात होतं, 'मायच्या डोऱ्यात पानी आलं.' मी लाल पेनानं 'आईच्या डोळ्यांत पाणी' केलं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वच्छ प्रत आणली. चूक एकही नव्हती, पण माय त्यातून निघून गेली होती.

झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो, 'ण'चा 'न'. ती चूक नव्हे, बोलीची रीत. घरी मीही तसंच बोलतो. तरी पेन चाललाच.

मग वर्गात मुक्ता साळवेची गोष्ट सांगितली. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली चौदा वर्षांची मुलगी. १८५५ मध्ये तिनं मांग-महारांचं दुःख लिहिलं, ते 'ज्ञानोदया'त छापून आलं. आपल्या माणसांचं दुःख तिनं स्वतःच मांडलं.

पेन खिशात ठेवून मी त्या पोरीला एवढंच विचारलं, "माय काऊन रडली, बेटा?"

तिसऱ्या खर्ड्यात उत्तर आलं. दुकानदारानं मोहफुलं मापात मारली होती. पहिल्या दोन्ही खर्ड्यांत हे नव्हतंच. मी शब्द तपासत बसलो होतो.

उद्या ती ज्या पोरांना शिकवणार, त्यांच्याही वहीत 'पानी' येणारच होतं.